लाइन ओलांडून डावीकडे

"एन तून?"

गोष्ट सांगणाऱ्या मुलाला डच माणसं असं विचारतात. आपण 'मग?' म्हणतो, तसंच. अक्कांच्या तोंडी हे दोन शब्द दिवसभर असायचे. कुणाचं ढोपर फुटलं, कुणाच्या वाटणीचं सफरचंद दुसऱ्यानं खाल्लं, कुणाच्या आईबाबांचं सकाळी भांडण झालं, मूल काहीही सांगत आलं की अक्का हातातलं काम बाजूला ठेवायच्या, मान थोडी तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, "एन तून?" पुढचं ऐकायची त्यांना घाई नसे. मूल अडखळलं तर त्याही थांबत.

मला मात्र बोलणं अर्ध्यावर तोडायची सवय आहे. दुसऱ्याचं आणि स्वतःचंसुद्धा. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली.

नेदरलँड्समधल्या ब्रेडामध्ये आमच्या घरांच्या रांगेत, आमच्यापासून थोडं पुढे, अक्कांचं घर होतं. त्या स्वतःच्या घरी इतरांची मुलं सांभाळायच्या. जाफन्याच्या तमिळ, लंकेतल्या युद्धातून बाहेर पडून विशीत इथे आलेल्या. यजमान टिलबर्गच्या गोदामात पाळीवर जायचे, ते आम्ही राहायला येण्याआधीच वारले होते. मुलगा टोरंटोला. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा माझी ईरा चौदा महिन्यांची होती. माझी नोकरी अ‍ॅमस्टरडॅमला झुइडासच्या ऑफिसवस्तीत, नवऱ्याचीही बाहेरगावी, आणि पाळणाघरांच्या वेटिंग लिस्टी अशा की नंबर लागेपर्यंत पोरगी शाळेत गेली असती. कुणीतरी अक्कांचं दार दाखवलं. मी त्यांना मिसेस अमुक म्हणायला गेले तर त्या म्हणाल्या, "अक्का म्हण. तुमच्यातही म्हणतात."

म्हणतात. पण आमच्यात काय म्हणतात हे यांना कसं ठाऊक, असं माझ्या मनात आलं नाही. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, अडलं की डचमध्ये. इथे मी ते मराठीतच लिहिते आहे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं कॅलेंडर आपल्यापेक्षा वेगळं असतं. अक्कांच्या घरातल्या वस्तूंना वर्षं नव्हती, लढाया होत्या. शिलाई मशीन एलिफंट पासचा लष्करी तळ पडला त्या महिन्यातलं. फ्रिज शस्त्रसंधीतला. सोफा किलिनोच्ची शहर हातचं गेलं तेव्हाचा, म्हणून त्यावर त्या सहसा बसत नसत. त्यावर मुलांचे कोट पडलेले असत. एकदा फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या डच माणसानं विचारलं, किती जुना आहे? अक्का म्हणाल्या, शस्त्रसंधीतला. त्यानं मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल यावर आम्ही दोघी नंतर कितीतरी दिवस हसत होतो.

"आणि टिकला बघ," अक्का म्हणाल्या. "शस्त्रसंधी चार वर्षांत मोडली. फ्रिज चालू आहे."

दुसरी गोष्ट हेलिकॉप्टरची. ब्रेडा आणि टिलबर्गच्या मध्ये हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे आमच्या डोक्यावरून लष्करी हेलिकॉप्टरं सतत जातात. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. तो धपधप आवाज दुरून आला, की अक्का शांतपणे सफरचंदाच्या फोडींची ताटली उचलायच्या आणि मुलांना म्हणायच्या, चला, पिकनिक. पिकनिक जेवणाच्या टेबलाखाली असे. सगळी मुलं दाटीवाटीनं आत बसत, अक्का सगळ्यांच्या पुढे, उघड्या बाजूला पाठ करून. आवाज लांब गेला की पिकनिक संपे. मुलांना तो जगातला सगळ्यात मजेचा खेळ वाटायचा. ईरा आमच्या घरीसुद्धा हेलिकॉप्टर ऐकलं की "पिकनिक!" करत टेबलाखाली शिरायची. मी हे ऑफिसात जेवताना गंमत म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मीही हसले होते.

आता तिसरी गोष्ट. पहिल्याच आठवड्यात मी ईराला सोडायला गेले, आणि ती पदर धरावा तसा धरलेला माझा कोट सोडेना. अक्का तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "खाली बस. हळू. हळू."

मराठीत. स्वच्छ, देशावरच्या उच्चारात.

मी खूश झाले. ईराकडून शिकल्या असतील, म्हटलं. गाडी गाठायची होती, सायकल हाणत स्टेशनला गेले. रॉटरडॅम मागे पडल्यावर लक्षात आलं की ईराला अजून 'आई'सुद्धा धड म्हणता येत नाही. मग अक्कांना 'खाली बस' कुणी शिकवलं? त्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं. मी फोन काढला आणि ईमेल वाचायला लागले.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, सैन्यात ड्रायव्हर होते. साताऱ्याकडचे. लंकेत गेलेल्या भारतीय फौजेत त्यांची तुकडी होती. मी तेव्हा दुसरीत-तिसरीत असेन. परत आले तेव्हा बारीक झाले होते, आणि त्यानंतर त्यांनी कधी शहाळं प्यायलं नाही. कुणी पुढे केलं तर उठून बाहेर जायचे. आई आम्हाला म्हणायची, त्यांना काही विचारू नका. आम्ही विचारलं नाही. न विचारणं हे आमच्या घरचं वळणच झालं.

अक्का सांगायच्या ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत गेले. संध्याकाळी ईराला आणायला गेलं की त्या चहा टाकायच्या. त्र्याऐंशीच्या दंगलीनंतर कोलंबोहून बोटीनं आलेले काका. मग दोन सरकारांचा करार झाला आणि भारताचं सैन्य आलं, तो दिवस. सगळी गल्ली रस्त्यावर होती, अक्कांनी स्वतः एका जवानाला हार घातला होता. धाकटा भाऊ नारळावर चढून जवानांसाठी शहाळी काढत होता. त्याला त्या नावानं हाक मारत नसत, तंबी म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. जवानही त्याला तंबीच म्हणायला लागले. "आम्हाला वाटलं, संपलं युद्ध," अक्का म्हणाल्या. पाऊस सुरू व्हायच्या आत तेच सैन्य आणि तिथली बंदूक घेतलेली पोरं एकमेकांसमोर उभी राहिली. करार कागदावर राहिला आणि जाफन्यासाठी लढाई जुंपली. सैन्य उत्तरेकडून, विमानतळाच्या बाजूनं, गावात शिरत होतं. लोकांना देवळांत आणि शाळांत जाऊन बसायला सांगितलं होतं. त्यांची गल्ली रेल्वे लाइनीला लागून. तिथे तपासणीला आलेल्या जवानांनी सगळ्यांना अंगणात बसवलं होतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं. मला हे विचारायचंच नव्हतं.

"बस म्हणाले," अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी कप उचलले.

संचारबंदी थोडा वेळ उठली तेव्हा तंबी लाइनीपलीकडे गेला. आत्याच्या गोठ्यात त्यांची गाय बांधलेली होती, तिला कुणी सोडलं नव्हतं. तो गेल्यावर पुन्हा गोळीबार सुरू झाला. संध्याकाळी गाय एकटीच परत आली.

पुढे युद्ध आणखी वीसेक वर्षं चाललं. भारतीय सैन्य परत गेलं, गावाच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या किल्ल्याला वेढा पडला, सगळं जाफना गाव एकदा रस्त्यावर येऊन रिकामं झालं, शस्त्रसंधी झाली, मोडली, शेवटी समुद्राकाठच्या चिंचोळ्या पट्टीत सगळं संपलं. अक्कांनी हे सगळं ब्रेडातून पाहिलं, एकेक वस्तू घेत. पण तंबीचं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. कुणाच्या गोळीनं, कुठे, कुणी उचललं. "मी तेरावंही घातलं नाही आणि वाटही बघत नाही," असं त्या एकदा म्हणाल्या. "दोन्हीच्या मध्ये राहते."

आणि मी रोज त्यांच्याकडे माझी मुलगी सोडत होते.

एकदा त्यांनी विचारलं, तुझे वडील काय करायचे? ड्रायव्हर होते, म्हटलं. कुठली गाडी? ट्रक. अक्कांनी मान तिरकी केली. "एन तून?"

"मग रिटायर झाले," मी म्हणाले.

अप्पा आले ते ईराला चौथं लागायच्या उन्हाळ्यात. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. ते येणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी मात्र महिनाभर आधीपासून वेळापत्रक आखत होते. ईराला सोडायचं मी, आणायचं नवऱ्यानं. अप्पांना अल्बर्ट हाइनचं दुकान, तळ्याभोवतीचा रस्ता आणि रविवारी मराठी मंडळींकडे. अक्कांच्या घराकडे त्यांचे पाय वळू नयेत एवढंच मला हवं होतं. कारणं माझ्याकडे तयार होती. अक्कांनी ईराला सांभाळायचं नाकारलं तर माझी नोकरी जाईल, नोकरी गेली तर परमिट. म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला. अक्कांना त्रास कशाला. ही कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण त्यांच्या खाली होतं, ते पुढे सांगते.

अप्पांना जायला थोडे दिवस उरले असताना एके संध्याकाळी माझी गाडी रॉटरडॅमच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. नवरा मीटिंगमध्ये. शेवटी मी अप्पांना फोन केला. म्हटलं, ईराला घेऊन सरळ घरी या. बसू नका.

"बरं," अप्पा म्हणाले. फौजेतला माणूस, हुकूम ऐकल्यासारखं म्हणाले.

मी पोचले तेव्हा आमचं घर बंद होतं. तशीच सायकल पुढे नेली. इथे बैठकीच्या खिडक्या मोठ्या असतात आणि लोक पडदे लावत नाहीत, अक्काही लावत नसत. उजेड अजून भरपूर होता. खिडकीतून मला दोघं दिसले.

दोघं जमिनीवर बसले होते. अप्पांचा गुडघा धरलेला असायचा, देवापुढेसुद्धा ते खुर्चीवर बसायचे. इथे मांडी घालून बसले होते. जमिनीवर निळं पांघरूण पसरलेलं, ती खाडी असावी. खेळण्यांची बादली उपडी ठेवलेली, तो किल्ला. मधून मुलांच्या लाकडी आगगाडीचे रूळ जोडत नेले होते. रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेक लाल ठोकळा. ईरा कोपऱ्यात आपल्याच खेळात होती. अप्पा बोलत होते. माझे अप्पा, जे फोनवर 'जेवलीस का' आणि 'ठेवतो' यापलीकडे बोलत नाहीत, ते हातवारे करून बोलत होते. त्यांचं त्या वर्षी उचललेलं मोडकं तमिळ, थोडं इंग्रजी आणि ती खेळणी. अक्कांची मान तिरकी होती. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण ओठ कळले. एन तून.

अप्पांचा हात एका बाजूला उचलला गेला. मी बेल वाजवली. बोट दाबून ठेवलं.

बेल ऐकून ईरा धावत आली, रुळांवरून. दार उघडलं तेव्हा सगळे रूळ विखुरले होते आणि अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न करत होते. अक्का म्हणाल्या, "पाच मिनिटं बसतेस?" मी म्हणाले, ईराला भूक लागली असेल, आमचा कुकर व्हायचाय. जे तोंडाला येईल ते. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी ईराच्या बुटांच्या पट्ट्यांकडे.

घरी येईपर्यंतच्या एवढ्याशा रस्त्यात अप्पा म्हणाले, "पोरी, तिचा भाऊ लाइनीपलीकडं गेलेला. त्या दोनचार दिवसांत लाइनीच्या आसपासची जी माणसं होती, ज्यांना कुणी न्यायला आलं नाही, ती माझ्या गाडीत घातली होती. लाइन ओलांडून डावीकडं, शाळेच्या मागं. लाकडं रचून अग्नी दिला, सगळ्यांना सारखाच. तिला डावीकडं सांगितलं, पण गाडीचं तोंड कुठं होतं ते सांगायचं राहिलं. गाडी भरलेली होती. म्हणजे गावातनं माघारी निघालो होतो. आणि त्या आधी..."

"अप्पा, पुरे," मी म्हणाले. "इथं असलं काही बोलायचं नसतं."

"बरं," अप्पा म्हणाले.

आता ते खालचं कारण. मला भीती होती पुढच्या वाक्याची. 'त्या आधी' याच्यापुढचं वाक्य माझ्या वडिलांबद्दल असेल, त्यांच्या हातांबद्दल असेल, अशी भीती. ते ड्रायव्हर होते हे मला पुरेसं होतं. त्यापुढे काही असेल तर ते मला माझ्या घरात नको होतं. नसेलही काही. कदाचित त्या आधी पाऊस पडत होता एवढंच सांगायचं असेल. मी तोडलं म्हणून मला आता कधीच कळणार नाही.

उरलेले दिवस मी अप्पांना आइंडहोवनला एका मित्राकडे नेऊन ठेवलं. साताऱ्याला गेल्यावर ते फोनवर म्हणाले, त्या बाईंचा नंबर दे. देते, म्हटलं. पुन्हा म्हणाले. देते, म्हटलं. त्या थंडीत ते झोपेतच गेले.

मी साताऱ्याहून परत आले तेव्हा अक्का दारात फुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ. मग विचारलं, "त्यांनी माझ्यासाठी काही सांगून ठेवलं होतं का?"

मी नाही म्हणाले.

पुढचं सगळं त्या नाहीमधून आलं. अक्कांजवळ अप्पांचं बोलणं एवढंच होतं: लाइन ओलांडून डावीकडे, शाळेच्या मागे. तिथे काय असणार ते त्यांनी ओळखलं होतं. ट्रक गावात, म्हणजे दक्षिणेकडे, शिरत असेल तर डावीकडे म्हणजे उगवतीची बाजू. परत निघाला असेल तर मावळतीची. शाळा दोन्हीकडे होत्या, ते लाल ठोकळे. अक्कांनी वर्ष-दोन वर्षं विचार केला आणि एक दिवस म्हणाल्या, सैन्य तर गावात शिरत होतं, म्हणजे उगवतीची. मी जाऊन येते. मी त्यांना गाडीनं शिपोलला, विमानतळावर सोडलं. पूर्ण वाट त्या बोलत होत्या, घरात दिवा कुठे लावायचा, माती कशात आणायची. मला स्टिअरिंग धरलेले माझे हात दिसत होते. उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी इंडिकेटर देत होते, लेन बदलत होते.

स्टीलच्या छोट्या डब्यात त्या माती घेऊन आल्या. खिडकीपाशी ठेवली. संध्याकाळी पुढे दिवा लावायच्या. ईरा मोठी झाली, तरी शाळेनंतर तिथेच जायची, आणि तिला आणायला गेले की दारातूनच तो दिवा दिसायचा. चुकीच्या मातीपुढे लावलेला. कितीदा वाटलं, आज सांगू. मग वाटायचं, त्यांना आता बरं वाटतंय, कशाला मोडा. बघा, माणूस स्वतःला काय काय समजावू शकतं.

मागच्या वर्षी अक्कांनी ठरवलं, घर सोडायचं आणि जाफन्याला जाऊन राहायचं. गुडघे आहेत तोवर, म्हणाल्या. सामान बांधायला मी गेले. फ्रिज न्यायला कुणी तयार नव्हतं. शस्त्रसंधी भंगारात चालली, असं म्हणून त्या हसल्या. मग खेळण्यांच्या बादलीत लाकडी रूळ भरताना त्यांनी त्यातलं लहान इंजिन हातात घेतलं आणि पुसलं. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा काहीतरी तोंडाला येईल ते बोलले असते.

"अक्का," मी म्हणाले, "अप्पा मला सांगून गेले होते."

त्या थांबल्या. मी सगळं सांगितलं. बेल. रस्ता. नंबर मागितला होता ते. शिपोल. मी इतकं सलग आयुष्यात कधी बोलले नसेन. सांगून झाल्यावर त्यांनी जमिनीवर रूळ ठेवले, दोन सरळ तुकडे जोडून, आणि इंजिन माझ्यापुढे धरलं.

"दाखव."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. इंजिन हातात घेतलं, रूळ ओलांडून किल्ल्याकडे, म्हणजे बादलीकडे, पाठ करून ठेवलं. म्हटलं, गाडी भरलेली होती. परत निघालेली. अक्कांनी इंजिनाच्या डाव्या अंगाला जमिनीवर बोट टेकवलं.

"मावळतीकडे," त्या म्हणाल्या. त्यांनी बोट तिथेच ठेवलं. "एन तून?"

"अग्नी दिला म्हणाले. सगळ्यांना सारखाच. तुमचा भाऊ त्यात होता का, ते त्यांनाही माहीत नसणार."

"एन तून?"

"मग मी म्हटलं, अप्पा, पुरे."

बाहेरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली. मी विचारलं, राग आलाय का? "आलाय," अक्का म्हणाल्या. "चहा कर."

मी चहा केला. कपाटातले कप बांधून झाले होते, मुलांच्या प्लास्टिकच्या पेल्यांतून प्यायलो. अर्धा झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू बेल वाजवलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. थोडंसं. ते आता सांगणार, आणि मग तो मेलेला असणार. तुझी बेल वाजली आणि मी म्हटलं, चला, आज नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणून दार लगेच उघडलं. तुला वाटलं असेल तू तोडलंस."

मी त्यांच्या खिडकीतल्या डब्याकडे बघितलं असणार. त्या म्हणाल्या, "ती मातीही कुणाच्या तरी भावाची असेल. परत नेऊन ठेवते."

त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं त्या म्हणाल्या नाहीत. जाताना बादली मात्र ईराच्या हातात दिली, रूळ, इंजिन, लाल ठोकळे सगळं. शिपोलला या वेळी त्या टॅक्सीनं गेल्या. मी सोडते म्हटलं, तर म्हणाल्या, नको.

अक्कांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहायला आलंय. त्यांनी पडदे लावलेत. मी अक्कांना लिहिलं, पोचलात का, जागा सापडली का, मावळतीच्या शाळेमागे आता काय आहे. त्या मेसेजपुढे अजून एकच टिक आहे. नंबर बदलला असेल. फोन बंद असेल. तिकडे रेंज नसेल. मी दिवसातून कितीदा तरी उघडून बघते.

परवा दुपारी जेवताना दुरून तो धपधप आवाज आला. ईरा आता माझ्याएवढी उंच झाली आहे, मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देते. तिनं सफरचंदाच्या फोडींची ताटली उचलली आणि टेबलाखाली गेली. पाय बाहेर राहत होते. थोड्या वेळानं मीही वाकून आत गेले आणि उघड्या बाजूला पाठ करून बसले. तिनं विचारलं, आजोबा त्या दिवशी अक्कांना जमिनीवर काय दाखवत होते? तिला आठवत होतं. रुळांवरून आपण धावलो तेही आठवत होतं.

मी सांगायला लागले. करार, हार, शहाळी, लाइन, गाय. भरलेली गाडी. डावीकडे. आवाज केव्हाच लांब गेला होता, तरी आम्ही बाहेर आलो नाही. 'त्या आधी'पर्यंत आले आणि थांबले.

ईरानं मान थोडी तिरकी केली.

"एन तून?"